धामणखेडहून कोणी आहे काय?

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं सरकून बसा. सतरंजीवर जागा आहे. शेवंताबाई, प्रज्ञा, या विहारात जमलेल्या माय-बहिणी, भाऊबंद. नांदुऱ्याहून आलेले, वडनेर भोलजीहून आलेले, नदीपलीकडच्या गावांतून आलेले सगळे. पलीकडून एवढी माणसं आली हे पाहून मला धीर यायला पाहिजे होता. खरं सांगतो, उलटंच झालं. तुम्हाला पाहिलं आणि दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

सुखदेव लक्ष्मण तायडे, आपल्या धामणखेडचे कोतवाल, शेवंताबाईंचे यजमान, दहा दिवसांपूर्वी गेले. त्यांच्याबद्दल चार शब्द बोला म्हणून प्रज्ञानं मला निरोप दिला. बाप गेलेल्या लेकीनं सांगितलं, त्याला नाही कसं म्हणणार? मी हो म्हणून बसलो. काल दुपारी दोन पानांचं भाषण लिहिलं. ते हे, हातात आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी शालिग्राम पाटील. या गावचा दोन वेळचा सरपंच. हा विहार बांधला तेव्हापासून मी इथं किती वेळा आलो, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आणि दर वेळी मतदान तोंडावर होतं. आज पहिल्यांदा मत न मागता आलो आहे.

आणखी एक सांगतो. सुखदेव माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे होते. मी त्यांना 'अबे सुखदेव' म्हणायचो. माझा मुलगासुद्धा त्यांना सुखदेवच म्हणायचा. ते मला म्हणायचे, 'पाटील, तुमी'. आज मी त्यांना दादा म्हणणार आहे. त्यांच्या हयातीत एकदाही म्हटलं नाही.

दादांची आठवण म्हटली की मला चावडीपुढची यादी आठवते. तरुण पोरांनी ती पाहिली नाही. विधानसभेची निवडणूक जवळ आली की तहसिलीतून मतदारयादी गावात यायची. दुसऱ्या गावांत ती भिंतीला चिकटवून मोकळे व्हायचे. आपल्या गावात दादा ती वाचायचे. आधी दवंडी द्यायचे, मग चावडीसमोर स्टुलावर बसून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्यानं वाचायचे. तीन-तीन दिवस चालायचं. नाव वाचलं की त्या माणसानं 'हाव' म्हणायचं. तो वावरात गेला असेल तर घरच्यानं म्हणायचं. आणि माणूस मेलेला असेल तर कोणी काहीच बोलायचं नाही. नाव वाचलं, 'हाव' आलं नाही, की दादांना कळायचं. ते पेन खाली ठेवून उभे राहायचे. बसलेलं सगळं गाव उभं राहायचं. थोडा वेळ तसाच जायचा. मग दादा खाली बसून लाल पेननं त्या नावापुढं 'मयत' लिहायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

हे कुठल्या कायद्यात नाही. ही दादांची रीत होती. एका वर्षी यादीत माझ्या वडिलांचं नाव आलं. दादांनी पेन ठेवलं. सगळे उभे राहिले. ज्यांना माझ्या वडिलांनी चावडीची पायरी कधी चढू दिली नाही, तेही उभे राहिले. मी ते पाहिलं, आणि घरी जाऊन कोणाला सांगितलं नाही.

एवढ्या आटापिट्यानं नावं का वाचायची? त्याचं कारण दादांच्या वहीत पहिल्या पानावर आहे. ही वही सगळ्यांना माहीत आहे. कापडी पुठ्ठ्याची, लांबट. वर लिहिलं आहे, 'धामणखेड विधानसभा मतदारसंघ, हकीकत'. हो, आपल्या गावाच्या नावाचा मतदारसंघ होता. आता सांगितलं तर पोरं हसतात. या गावाला धड एसटी येत नाही आणि म्हणे मतदारसंघ. पण होता. सोळा गावं नदीच्या या अंगाची आणि त्या अंगाची, शिवाय वरची लांबची कितीतरी गावं, वाड्या-वस्त्या, सगळे मिळून एक आमदार निवडायचो. त्या आमदाराच्या नावापुढं आपल्या गावाचं नाव लागायचं.

पहिल्या पानावर दादांनी आईची गोष्ट लिहिली आहे. अगदी पहिली यादी झाली तेव्हा यादीवाला दारात आला. परक्या माणसाला आपलं नाव काय सांगायचं, म्हणून ती माउली गप्प राहिली. त्यानं लिहिलं, 'लक्ष्मणची बायको'. अशी नावं पुढं यादीतून काढून टाकली. मतदानाच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली, आणि तिला परत पाठवलं. पुढच्या वेळी तिनं चारचौघांत खणखणीत सांगितलं, गंगूबाई लक्ष्मण तायडे. दादांनी तेवढंच लिहिलं आहे, आणि शेवटी, 'सांगणार: आई'.

हा 'सांगणार' ध्यानात ठेवा. दादा कोतवाल होते. कोणाची खबर कोणी आणली हे लिहिल्याशिवाय ते पान उलटत नसत. वहीतल्या प्रत्येक हकीकतीखाली सांगणाऱ्याचं नाव आहे. मतदारसंघाला आपलंच नाव का पडलं, याच्या दोन हकीकती आहेत. एक म्हणते, नकाशा काढणाऱ्या साहेबाचा मुक्काम इथं होता आणि इथल्या विहिरीचं पाणी त्याला गोड लागलं. दुसरी म्हणते, दोन्ही अंगाच्या गावांना आपला बाजार सारखाच जवळ होता. दादांनी दोन्ही लिहिल्या. खरी कोणती ते लिहिलं नाही. सांगणार मात्र दोघेही लिहिले.

एका म्हातारीची हकीकत आहे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. ती आडोशाला गेली, पेटीला हळदकुंकू लावलं, आणि चिठ्ठी आत न टाकता वरच ठेवून हात जोडून बाहेर आली. नैवेद्य ठेवावा तशी. दादा ही गोष्ट सांगताना स्वतःच इतके हसायचे की शेवट कोणाला ऐकू यायचा नाही.

निकालाच्या दिवशी चावडीत रेडिओ लागायचा. मोठमोठ्या शहरांची नावं व्हायची, आणि मधेच निवेदक म्हणायचा, धामणखेड. कोण जिंकलं हे ऐकायच्या आधीच आम्ही माना डोलवायचो. कुठल्याही पक्षाचा उमेदवार असो, प्रचाराचा नारळ इथल्या मारुतीपुढंच फुटायचा. निवडून आलेला कितीही मोठा झाला तरी गावाच्या नावाची थोडी लाज त्याला धरावी लागायची. नदीवरचा पूल तसाच झाला. पलीकडच्या पोरींची शाळा त्या पुलामुळं सुटली नाही.

इथपर्यंत जे बोललो ते बहुतेक माझ्या कागदावर आहे. पुढं कागदावर असं आहे, 'काळाच्या ओघात आपला मतदारसंघ इतिहासजमा झाला.' काल लिहिताना वाक्य छान वाटलं होतं. आता हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. काळाच्या ओघात काही झालं नाही, मंडळी.

हा कागद मी खिशात ठेवतो. आता आपल्या बोलीत सांगतो. शुद्ध बोलून राह्यलो की माही जीभ भाषण देते, अन् भाषणात मी पक्का आहो, तुमाले सगळ्यायले माहीत आहे.

मतदारसंघायची पुनर्रचना होऊन राह्यली, हे पयले दादालेच समजलं. मसुदा निंघाला. त्याच्यात धामणखेड नव्हतं. नदीच्या इकडची गावं एका मतदारसंघात, तिकडची दुसऱ्यात. आपुन दोनीच्या टोकाले. ज्याले हरकत असेल त्यानं लिहून द्यावं, अन् सुनावणीले येऊन बोलावं, असं होतं.

दादानं हरकत लिहिली. सगळी त्यायच्या हातची. अकरा पानं. कोन्तं गाव कोन्त्या बाजाराले जाते, कोन्त्या गावच्या लेकी कोन्त्या गावात देल्ल्या, पूल कोठी आहे, पूर आला तं कोन कोनाले घरात घेते, सगळं. मंग सायकलवर सोळा गावं फिरले. संगं शाईचं पॅड. घराघरात बसून पयले अकराच्या अकरा पानं वाचून दाखवायचे, तवा सही घ्यायचे. ज्याले सही येत नाही त्याचा अंगठा, अन् अंगठ्याच्या बाजूले लिहायचे, 'वाचून दाखवले'. मी म्हटलं, अबे सुखदेव, एवढं कोन पाह्यते? ते म्हणाले, 'पाटील, अंगठा देनाऱ्याले माहीत पाह्यजे ना, त्यानं कायले देल्ला.'

एका सकाळी ते सगळं बांधून माह्या घरी आले. पायरीखाली उभे राह्यले. म्हणाले, 'हे तुमच्या नावानं जाऊ द्या.' मी इचारलं, काऊन? तुवा लिहिलं, तुह्या नावानं दे. ते म्हणाले, 'मी कोतवाल. सरकारी माणूस. माह्या नावानं चालत नाही.' मंग म्हणाले, 'अन् दुसरं असं हाये पाटील, तायड्याच्या नावानं गेलं तं कागद खालीच राहीन. तुमच्या नावानं गेलं तं वाचतीन.'

मी म्हटलं, हाव. खरं सांगतो, मले बरं वाटलं. त्यायनं जे सांगतलं ते ऐकून लाज वाटाची होती, मले बरं वाटलं. खाली सही केली, शालिग्राम पाटील, सरपंच. थैलीत भरलं. नांदुऱ्याहून गाडी धरली अन् सुनावणीले गेलो.

तिथं बाहेर चहाच्या टपरीवर आपले तेव्हाचे नेते उभे होते. नाव घेत नाही. नाव घेतलं तं माही अर्धी लाज त्यायच्या अंगावर जाईन, अन् ते मले करायचं नाही. त्यायनं माह्या खांद्यावर हात ठेवला. 'शालिक, आज बोलू नको. नव्या रचनेत आपलं बरं जमते. तुह्या जिल्हा परिषदेचं मी पाह्यतो.' एवढंच. धमकी नाही, काई नाही. चहा पाजला. बिस्कुट बी देल्लं.

हॉल भरला होता. मी मधल्या रांगीत बसलो, थैली मांडीवर. पुढं टेबलावर सायेब लोक. एक जण माइकवर मतदारसंघाचं नाव घ्यायचा, तिथले लोक उठायचे, कागद द्यायचे, दोन गोष्टी सांगायचे. काई काई लोक भांडले. एक म्हातारा तं रडला. अन् मंग तो माणूस म्हणाला, 'धामणखेडहून कोणी आहे काय?'

मी बसून राह्यलो.

त्यानं मान वर केली. हॉलभर पाह्यलं. पुन्हा म्हणाला, 'धामणखेड?'

मंडळी, तुमी सगळ्यायनं चावडीपुढं बसून यादी ऐकली आहे. नाव घेतल्यावर कोनी हाव म्हटलं नाही तं त्याचा अर्थ काय, हे आपल्या गावातल्या लहान लेकराले समजत होतं. मले समजत नव्हतं काय? त्या माणसानं कागदावर काई तरी खूण केली अन् पुढचं नाव घेतलं. माह्या बाजूच्या माणसानं सहज इचारलं, तुमी कुठले? मी म्हटलं, नांदुऱ्याचा.

मांग कोन बोलून राह्यलं? गणेश, बस. तुले राग आला, येऊ दे. पण मले पुरं करू दे. आज थांबलो तं पुन्हा होनार नाही.

त्या दिवशी परत आलो, तं दादा फाट्यावर सायकल घिऊन उभे. दिवसभर तिथंच होते, पानठेल्यावाल्यानं मले मंग सांगतलं. त्यायनं इचारलं, 'नाव घेतलं काय आपलं?' मी म्हटलं, घेतलं. 'मंग?' मी म्हटलं, देल्ली हरकत. पाह्यतो म्हणे.

पयला शब्द खरा होता. दादाचं तोंड असं उजळलं की मले त्यायच्याकडं पाह्यनं झालं नाही. मले सायकलवर मांगं बसवलं अन् गावात आणलं. चढावर बी उतरू देल्लं नाही. 'तुमी दमले असान,' म्हणाले.

मंग शेवटचा हुकूम निंघाला. धामणखेड गेलं. दादा दोन दिवस घराबाहेर निंघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी माह्या घरी आले. हातात हरकतीची कार्बन कॉपी. सातवं पान काढून माह्यापुढं धरलं. त्याच्यात पलीकडचं एक गाव चुकून नदीच्या अलीकडं लागलं होतं. 'हे पाहा पाटील. ही खोट माह्या हातची. याच्यानंच आपलं गेलं.'

त्या वक्ताले मले एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. घरात कोनी नव्हतं. बायको विहिरीवर गेली होती. दादा पायरीखाली, मी ओसरीवर. मी ते पान हातात घेतलं. बराच वेळ पाह्यलं. अन् म्हटलं, 'असू शकते.'

शेवंताबाई, तुमी मान खाली घालू नोका. ती मी घालतो.

तुमच्यापैकी जे पलीकडच्या गावायचे आहेत, त्यायले पुढचं माहीत आहे. दादा पुन्हा सायकलवर निंघाले. त्याच सोळा गावात, त्याच घरायत. हात जोडून सांगत फिरले की माह्या लिहिण्यात खोट राह्यली, तुमचा अंगठा वाया गेला, माफ करा. एका गावात मी संगं होतो. मले त्यायनं बोलावलं नव्हतं, मीच गेलो, माहं कौतुक व्हावं म्हणून. लोक मले म्हणत होते, सरपंचानं धावपळ केली, पण काय करता. दादा खाली बसून हात जोडत होते, अन् मी बाजेवर बसून चहा पिऊन राह्यलो होतो. त्या घरच्या म्हातारीनं दादाले म्हटलं, 'तुह्या एका अक्षरानं कायचं जाते बापा. दुसरं काई तरी झालं असन.' मी चहाची कपबशी खाली ठेवली. ती म्हातारी कोन हे मले आजही माहीत नाही. तिच्या घरचं इथं कोनी असेल तं सांगतो, तुमची म्हातारी बरोबर होती.

त्याच्यानंतर दादानं यादी वाचनं सोडलं. तुमाले वाटलं, वय झालं. वय नव्हतं झालं. मी त्यायले एकदा इचारलं, आता यादी काऊन वाचत नाही? म्हणाले, 'ज्याले सोळा गावायचा एक कागद धड लिहिता आला नाही, त्यानं गावाची नावं कोन्त्या तोंडानं वाचावी?' मी ऐकून घेतलं. अन् यादी आपली भिंतीवर चिकटू लागली, दुसऱ्या गावायसारखी. पुढच्या मतदानाले शेवंताबाई शाळेवर गेल्या, तं यादीत त्यायचं नाव नव्हतं. छपाईत सुटलं होतं. कोनी वाचलंच नाही, तं समजनार कसं? त्या परत आल्या. सासू परत आली होती तशाच. मी मतदान केंद्राच्या दारात उभा होतो, माह्या लोकायले चिठ्ठ्या देत. त्या माह्यासमोरून गेल्या.

जिल्हा परिषदेचं काय झालं, असं तुमी मनात इचारत असान. काई झालं नाही. पण तिकीट मिळालं असतं तरी हे असंच सांगावं लागलं असतं. मिळालं नाही म्हणून मले पश्चात्ताप झाला, असं कोनी समजू नोका. मले तं तेव्हा त्याचाच राग आला होता, बाकी कायचाच नाही.

आता शेवटचं. परवा प्रज्ञा माह्या घरी आली. पायरीखाली नाही थांबली, वर आली, खुर्चीवर बसली. बरं केलं. वही माह्यापुढं ठेवली अन् म्हणाली, 'काका, बाबाची वही शाळेले द्यायची आहे. मी पुरी वाचली. सगळ्या हकीकतीखाली सांगणार आहे. शेवटच्या एकाच हकीकतीखाली नाही. तुमाले माहीत असन.'

मी शेवटचं पान काढलं. दादाच्या अक्षरात एकच ओळ. 'हरकत पोचली नाही.' त्याच्याखाली, 'सांगणार', अन् पुढं कोरं. पानाच्या बाजूले एक सरकारी पत्र चिकटवलं होतं. दादानं नोकरीतून सुटल्यावर माहितीच्या अधिकारात इचारलं होतं, अन् उत्तर आलं होतं की धामणखेड गावाहून कोनतीही हरकत या कार्यालयास प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही.

म्हणजे दादाले माहीत होतं. किती वर्षं? पत्र जुनं होऊन पिवळं पडलं आहे. एवढी वर्षं रोज सकाळी आमी चावडीपुढं भेटत होतो. ते इचारायचे, 'पाटील, गुडघा कसा हाये?' माह्या बायकोच्या मातीले आले, तिरडीले खांदा देऊ का म्हणून इचारलं, अन् मी हो म्हणेपरेंत हात मांगं घिऊन उभे राह्यले. हे सगळं त्या पत्रानंतर. मी आठवून पाह्यलं. त्यायनं एकदा, एकदा तरी माह्याकडं वेगळं पाह्यलं काय? मले तसं आठवत नाही. आठवलं असतं तं बरं झालं असतं.

खबर आणनाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय जो माणूस पान उलटत नव्हता, त्यानं ते एक नाव लिहिलं नाही. मले वाचवलं, का माह्यासाठी जागा ठेवली, हे मी ठरवनार नाही. मले सोयीचं आहे तेच मी ठरवीन.

प्रज्ञाले मी म्हटलं, पाह्यतो. तोच शब्द. ती उठली, अन् दारात थांबून म्हणाली, 'काका, शोकसभेत तुमीच बोला.' पोरी, तुले सगळं समजलं होतं ना? राहू दे, सांगू नको.

आज घरून निंघताना खिशात भाषण होतं, अन् ही थैली खांद्याले अडकवली. कायले अडकवली ते मले तेव्हा माहीत नव्हतं. ही तीच थैली. याच्यात ती अकरा पानं आहेत, अन् सोळा गावायचे सही-अंगठे. मी फाडले नाहीत, जाळले नाहीत. तेवढं बी धैर्य नव्हतं. माह्या कपाटात पडून होते. शाई अजून निळीच आहे. तुमच्या मायबापायचे अंगठे आहेत, ज्यायचे असतील त्यायनं पाहून घ्या. बरेच जण आता नाहीत. त्यायच्या बाजूले दादाच्या हातानं लिहिलं आहे, 'वाचून दाखवले'. ती थैली मी इथं, दादाच्या फोटोपुढं ठेवतो.

मी माफी मागत नाही. माफी दादानं मागितली होती, सोळा गावात, माह्या जागी. ती झाली आता.

दोनच कामं राह्यली. प्रज्ञा, वही उघड. शेवटचं पान. पेन आहे ना? लिही. सांगणार: शालिग्राम पाटील, धामणखेड. सरपंच लिहू नको.

लिहिलं? वाचून दाखव मले.

हाव. बरोबर आहे.

अन् दुसरं. दादाची रीत तुमाले माहीत आहे. आज यादी मी वाचतो. दोनच नावं आहेत. पयल्या नावाले कोनी बोलू नोका, ते मले बोलायचं आहे. उशीर झाला आहे, तरी बोलतो. दुसऱ्या नावाले कोनीच बोलायचं नाही. उभं राहायचं.

धामणखेडहून कोणी आहे काय?

हाव. मी आहो.

तायडे सुखदेव लक्ष्मण.

उभे राहा मंडळी. प्रज्ञा पेन खाली ठेवते आहे. ती पुन्हा हातात घेईपरेंत कोनी बसू नोका.

दादा, जयभीम.